मोगरीचे कान

घोडीच्या कानात कोणी डोकावून बघत नाही. लोक पाय बघतात, दात मोजतात, पाठीवरून हात फिरवून बघतात. कान नुसते उभे आहेत की पडलेत, एवढ्यावर काम भागतं. मोगरी आमच्या घरी येऊन चार वर्षं झाली होती तरी तिच्या कानाच्या आत काय आहे ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. ते ज्या पावसाळ्यात ठाऊक झालं, तो पावसाळा आणि त्याच्या पाठची दिवाळी मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. माझी सून म्हणते, आई, तुम्ही एवढ्या हट्टी कशा हो झालात? मी सांगते, मी झाले नाही बाई, मला एका घोडीनं केलं. ती हसते. तिला वाटतं, म्हातारी गंमत करते आहे.

आमचं घर राजुऱ्याच्या टोकाला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथं होतं. पुढं दोन खोल्या, मागं कवेलूचा, म्हणजे कौलांचा गोठा आणि गोठ्याला लागूनच मायची चूल. चुलीचा धूर सरळ गोठ्यात शिरे. माय कुरकुरली की बाबा म्हणत, जाऊ दे, ढोरांले माशा तं लागत नाई. त्या चुलीवर सकाळी लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात शिजे, संध्याकाळी आंबाडीची भाजी आणि भाकर, आणि बाजूला एका गंजात मोगरीचे चणे भिजत पडलेले असत. मायची बोलण्याची पद्धत फटकळ. "महाराणीचं झालं का, मंग आपण खाऊ," असं ती रोज म्हणे आणि रोज पहिली मूठ घोडीलाच देई. दुपारी दोनच्या सुमाराला कोळशाच्या खाणीत सुरुंग उडत. फळीवरची भांडी वाजत, कवेलूवरून माती झडे, नवा पाहुणा असला तर दचकून उभा राही. आमच्याकडे कोणी जेवणावरून मान वर करत नसे, मोगरीसुद्धा नाही. अशी घोडी वरातीला मिळणं कठीण असतं. कानाशी बँड वाजो की पायाशी फटाके फुटोत, ती आपली चालत राही, म्हणून आसपासच्या गावांतले अर्धेअधिक नवरदेव तिच्याच पाठीवरून लग्नाला गेले.

पण बाबा मुळात बैलांचा माणूस. बैल दोन पावलं चालला की त्याचा कोणता खूर दुखतो ते सांगत. लोक त्यांना लांबून बोलवायला येत, अगदी जिवतीच्या पहाडावरूनही. घोडी त्यांनी हौसेनं घेतली होती, ती बाबूभाऊंच्या नादानं. बाबूभाऊ म्हणजे राजुऱ्यातल्या बँडपार्टीचे मालक, क्लॅरिनेट वाजवत, आणि लग्नाची बोलणीही तेच आणत. घोडी आल्यावरही बाबांनी तिला बैलासारखंच वागवलं. त्यात लाड कमी नव्हता. बैलाच्या म्होरकीचं चामडं घेऊन त्यांनी तिचा लगाम स्वतः शिवला होता, एकसंध, कुठं बक्कल नाही. दोन्ही कान दाबून तो वरून ओढून घालावा लागे. बाबांना आपल्या ढोरांच्या ज्ञानाचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. पुढं जे झालं ते त्या अभिमानापायीच झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

त्या वर्षी पावसाळ्यात चिलटं फार झाली. नदीकडून सकाळ-संध्याकाळ त्यांचे लोटच्या लोट येत आणि मोगरी सारखं डोकं झटके. एक दिवस लगाम घालताना बाबांनी तिचा कान उलटा केला तर आत पांढरं. कणीक मळलेल्या परातीत कडेला जशी वाळून बसते, तसे खवले. एक मोठा, रुपयाएवढा, आणि भोवती बारीक बारीक. दुसऱ्या कानातही तेच. बाबा म्हणाले, मळ साचला. त्यांनी नारळाची करवंटी घेऊन खरडलं. खवले निघाले, खाली गुलाबी कातडी आणि तिच्यावर रक्ताचे बारीक थेंब. मोगरीनं मान हिसकली. चार दिवसांनी पांढरं पुन्हा तसंच. मग मायनं निंबोळीचं तेल लावलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून करंजीचं, मग चुना आणि हळद. प्रत्येक वेळी आधी खरडायचं आणि मग लावायचं. मी मोगरीची दोरी धरून उभी राहायची. तिचं अंग थरथरताना माझ्या हाताला कळत होतं आणि तरी मी धरून राहायची, कारण बाबा करताहेत ते बरोबरच असणार. हे लिहिताना आजही मला माझी चीड येते. पंधरा वर्षांची होते, एवढं न कळण्याइतकी लहान नव्हते.

मग पोळ्याचा आदला दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे दुखतात, म्हणून तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं ते शेकायचे आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. बाबा हे फार मनापासून करत. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कोणाशी न बोलता. त्या दिवशी बैलांचे खांदे झाले आणि वाटीत तूप उरलं. बाबा वाटी घेऊन मोगरीकडे वळले. त्यांच्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. बैलाचा दुखरा खांदा शेकल्यानं बरा होतो, तर घोडीचा दुखरा कान का नाही? वाटी निखाऱ्यावर होती, तूप कोमट राहिलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं कान धरला, आतलं पांढरं पानाच्या देठानं खरडलं आणि त्या उघड्या कातडीवर तूप लावलं.

मोगरी उभी राहिली. मागच्या दोन पायांवर, सरळ, आढ्याला डोकं लागेल इतकी. माझ्या हातातली दोरी तळवे सोलून निघून गेली. बाबा दावणीच्या दगडावर पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. ती बाहेर पळाली नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून उभी राहिली आणि कोणी जवळ आलं की लाथ झाडू लागली. मनगट पोटाशी धरून बाबा म्हणाले, माजली. एवढा एकच शब्द. पुरणपोळ्या दुसऱ्या दिवशी झाल्या, पण त्या कोणाला गोड लागल्या नाहीत.

त्यानंतर मोगरीनं कानाजवळ हात म्हणून येऊ दिला नाही. कान दाबून वरून घालायचा लगाम, तो घालणार कसा? लगाम नाही तर वरात नाही. तेवढ्यात गावभर बोभाटा झाला की सदाशिवच्या घोडीला कोड फुटलं. सदाशिव म्हणजे आमचे बाबा. शेजारणी गोठ्याकडे न बघता जाऊ लागल्या, एकीनं तर आपल्या पोराला आमच्या विहिरीवर यायला बंदी केली. कोड असतं तरी कोणाचं काय बिघडणार होतं, हे मी आज म्हणू शकते, तेव्हा आम्ही सगळेच त्या शब्दाला भीत होतो. बाबूभाऊ येऊन गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला धंदा होता. तुळशीचं लग्न झाल्या झाल्या पहिली वरात होती. तोवर घोडी लगाम घेत नसेल तर मी चंद्रपुरावरून दुसरी आणतो, म्हणाले. बाबांनी मान हलवली. चार दिवसांनी जिवतीच्या पहाडावरचा एक माणूस घोडी बघून गेला. त्याला कापसाचे गठ्ठे आणि पाण्याचे पिंप वाहायला जनावर हवं होतं. कानात काय आहे ते त्यानं विचारलंही नाही. त्यानं तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकून बघितलं. मी ते दारातून पाहिलं.

मी आत जाऊन बाबांसमोर उभी राहिले. आमच्या घरात मुलीनं असं उभं राहण्याची पद्धत नव्हती. मी म्हटलं, तुळशीच्या लग्नापर्यंत तिला विकू नका, तोवर ती लगाम घेईल. बाबा म्हणाले, तू घालशीन? मी म्हटलं, मी घालीन. माय चुलीपाशी भाकर थापत होती, ती वळलीही नाही, नुसती म्हणाली, "घालू द्या पोट्टीले. तुमचा हात तं बांधलेला हाय." बाबांना ते लागलं असणार, पण ते काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरी न बोलणं म्हणजे होकार असे.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी मोगरीला नुसत्या गळ्यातल्या दोरीनं गुरांच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर लोक बघत होते. डॉक्टर नवीन होते, साताऱ्याकडचे, बोलणं पुस्तकासारखं. मी त्यांना बजावलं की कानाला हात लावू नका. ते म्हणाले, नाही लावत. तिच्यापुढं त्यांनी जमिनीवर थोडा भुसा टाकला, ती खायला खाली वाकली, आणि डॉक्टर दोन हात लांब उकिडवे बसून तिच्या कानात बघत राहिले. बराच वेळ. मग मला विचारलं की हे खरडलं कोणी. मी सगळं सांगितलं, करवंटीपासून तुपापर्यंत. ते रागावले नाहीत. म्हणाले, ही चामखिळीचीच एक जात आहे, चिलटं चावून कानात पसरते, माणसाला लागत नाही, घोडीला त्रास देत नाही, नुसती दिसते. बरी कधी होईल, मी विचारलं. "होणार नाही. बहुतेक जन्मभर राहील. राहू दे," ते म्हणाले. आणि मग जे म्हणाले ते मला अजून शब्दनशब्द आठवतं: "तिचे कान दुखत नव्हते, बाळ. तिला तुमचे हात दुखले."

परतताना मी रडले. मोगरीसाठी थोडं, पण जास्त बाबांसाठी, कारण हे आता त्यांना सांगावं लागणार होतं. सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "डाक्टर काल आला. मी जन्मभर ढोरं पाहून राह्यलो." पंधरा दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही बोलले नाही. रागच इतका होता. ज्या माणसाच्या शब्दावर गाव चालतं त्याला एवढं कबूल करता येऊ नये?

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: चिलटांच्या वेळी तिला आत ठेव, आणि कानांना कोणी हात लावू नका, औषध म्हणूनसुद्धा नाही. दुसरी गोष्ट पाळणं महाकठीण. येणारा जाणारा प्रत्येक जण औषध घेऊन येई. मायच्या मावशीनं कसलासा पाला वाटून आणला, तो मी तिच्यादेखत उकिरड्यावर टाकला. त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. लगाम घेऊन मी मोच्याकडे गेले आणि सांगितलं, डोक्यावरचा पट्टा गालापाशी काप आणि तिथं बक्कल लाव. तो म्हणाला, तुझ्या बापानं एवढा नामी शिवला, कापू काऊन? मी म्हटलं, काप. आता पट्टा कानांवरून ओढायची गरज नव्हती. मानेवरून मागून आणायचा आणि गालापाशी बक्कल लावायचं, कानाला स्पर्शही न करता.

पण त्यासाठी हात मानेपर्यंत जायला हवा होता. पहिले आठ दिवस मी फक्त खांद्यावर हात ठेवून उभी राहायची. चूल पेटायच्या वेळी आणि शाळेतून आल्यावर. तिनं कातडी थरथरवली की हात काढून घ्यायचा, थांबली की पुन्हा ठेवायचा. मग एक वीत पुढं. दोन दिवसांनी अजून चार बोटं. कधी पुढं गेलेला हात चार दिवस मागं घ्यावा लागे, कारण कोणी गोठ्यात मोठ्यानं खोकलं तरी तिचा धीर सुटे. माझी पाठ मोडून यायची. सुरुंगाला न दचकणारी घोडी माझ्या पाच बोटांना दचकत होती, याचं मला फार वाईट वाटे. मी तिला सांगायची, तू वेळ घे, मी कुठी नाई जात. आता गुडघे धरले आहेत, मिनिटभर उभी राहिले तरी टेकावं लागतं. तेव्हा तासन्‌तास कशी उभी राहायची, कोण जाणे. दिवाळीत पोरी फटाके उडवत होत्या आणि मी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी होते. तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी तिनं बक्कल लावू दिलं. मी ते काढलं आणि पुन्हा लावलं, तरी ती चणे चघळत राहिली. माय भाकर तशीच हातात घेऊन बघत होती. तिनं ती तव्यावर टाकली आणि पदरानं डोळे पुसले, धुरामुळं, म्हणाली.

वरातीच्या दिवशी बाबूभाऊ लाल गोंडे घेऊन आले, कानांवर बांधायला, म्हणजे आतलं दिसणार नाही. मी नाही म्हटलं. गोंडे बांधायचे तर कान धरावे लागणार. ते चिडले, पण वेळ नव्हता. बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "कोणी विचारलं तं सांगजो, चंदनाचा लेप हाय, उष्णतेसाठी." बाबांनी मान हलवली. त्यांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, हात अजून बारीक दिसत होता. लगाम मी धरला होता आणि बाबा माझ्या मागून चालत होते. त्या चार वर्षांत वरातीला ते पहिल्यांदाच मागं चालले.

नवरदेवाच्या दारी त्याची आत्या ताट घेऊन आली. रीत अशी की घोडीला कुंकू लावायचं, चण्याची डाळ खाऊ घालायची आणि मग नवरदेवानं बसायचं. आत्याबाईंनी डाळीचं ताट खाली धरलं, मोगरीनं डोकं वाकवलं, आणि तिचे दोन्ही कान आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर उघडे झाले. त्यांनी ताट मागं घेतलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कोड फुटलेल्या घोडीवर आमचा पोरगा बसत नाई." बँड थांबला. बाबूभाऊंनी बाबांकडे पाहिलं, बोला म्हणून खूण केली. लेप म्हटलं की सुटलो असतो. मीसुद्धा, खरं सांगते, मनात म्हणत होते, बाबा, म्हणा लेप.

बाबा पुढं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागं बांधले होते. ते म्हणाले, "कोड नाई, बाई. लेकराच्या हातावर चामखीळ येते, तसं हाय. तिले दुखत नाई, कोणाले लागत नाई. मीच मळ समजून खरडलो. मीच कढत तूप लावलो. अन् तिनं मले पाडलं तं तिलेच माजली म्हणलो. तिची काई चुकी नाई. माझी हाय."

त्या अंगणात निम्मी माणसं अशी होती, ज्यांच्या बैलांना बाबांनी कधी ना कधी हात लावलेला होता. आत्याबाईंचा चेहरा आंबट तो आंबटच राहिला. शेवटी नवरदेवच म्हणाला की मुहूर्त जाऊन राह्यला, बसतो मी. आत्याबाईंनी कुंकू घोडीला न लावता तिच्या पायापुढं जमिनीवर टाकलं आणि आत गेल्या. वरात निघाली. मोगरी नेहमीसारखी चालली, फटाक्यांतून, बँडच्या अंगावरून, मान खाली न घालता. त्या हंगामात दोन घरांनी आमची घोडी नाकारली, तेही सांगायला हवं. बल्लारपूरच्या पेपर मिलमधल्या पोरांना मात्र असल्या गोष्टींची पर्वा नव्हती, ती बिनधास्त बसत. जिवतीच्या माणसाला बाबांनी निरोप धाडला की घोडी विकायची नाही.

पण मला आठवते ती त्या वरातीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी गोठ्यात मोगरीला चणे देत होते आणि बाबा आले. पोळ्यापासून ते गोठ्यात तिच्या बाजूला फिरकले नव्हते. दाराशी थांबले. मोगरीनं त्यांच्याकडे पाहिलं, चघळणं थांबवलं. ते तिथूनच, हळू आवाजात मला म्हणाले, "इंदे, सांग बाई. कुठवर लावू हात?"

मी त्यांचं मनगट धरलं, तेच मोडलेलं, आणि हात तिच्या खांद्यावर ठेवला. म्हटलं, आज इथवर. त्यांनी तो तिथंच ठेवला. तिची कातडी थरथरली तसा त्यांनी काढून घेतला, ती थांबली तसा पुन्हा ठेवला, आणि मी शाळेत जायला निघाले तेव्हाही ते तसेच उभे होते.